‘काका, पेट्रोल आहे ना?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांची अठरा वर्षांची मोटारसायकल पावसाळ्यात बंद पडली ती पडलीच. सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरतं, पण स्टार्ट घेत नाही. दोन गॅरेजं झाली, साडेचार हजार गेले, आणि आता वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला शिव्या घालून ते गाडी भंगारात द्यायला निघालेत. वाचता वाचता मी मोठ्याने म्हणालो, "अहो, थांबा!" ही स्वयंपाकघरातून ओरडली, "कोणाला थांबवताय?" म्हणून हा पत्रप्रपंच.

मी एसटीच्या रत्नागिरी विभागात बसदुरुस्तीच्या कामात तेहतीस वर्षं नोकरी केली आणि प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. म्हणजे माझं आयुष्य डिझेलवर गेलं. घरी मात्र २००४ सालची पल्सर १५० आहे, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली. तिनेच गेल्या वर्षी मला असा धडा दिला की तो सांगायला थोडी लाजही वाटते. पण त्या गृहस्थांची गाडी वाचणार असेल तर माझी लाज गेली तरी चालेल.

झालं असं. शिमगा आटोपला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला मुलाकडे गेलो. परत आलो तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती. पाच महिने गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी. जाताना मी सगळा बंदोबस्त करून गेलो होतो: पेट्रोल कॉक बंद, बॅटरीची वायर सुटी, चेनला तेल. आणखीही एक उद्योग केला होता, त्याचं पुढे सांगतो.

आल्यावर बॅटरी अर्थातच मेलेली. देवरूखला रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी आणून जोडली, चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची कळ) ओढला, सेल्फ दाबला. इंजिन मस्त फिरलं. पण नुसतंच फिरलं. टाकी हलवून पाहिली, पेट्रोल खळखळत होतं. किका मारल्या. नव्या गुडघ्याने नाही, पुतण्याने मारल्या. तो म्हणाला, "काका, प्लग गेले असणार." या गाडीला दोन प्लग. दोन्ही काढले, जुने दिसले, नवे आणून बसवले. काही फरक नाही. शेवटी टेम्पोत घालून गाडी गॅरेजला नेली. तिथल्या पोराने सेल्फ मारला, कान लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला: "सीडीआय गेलाय, काका. कॉइलपण बदलून टाकू." सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा डबा, आणि कॉइल त्यासाठी विजेचा दाब वाढवते. मी मान हलवली. विजेतलं आपल्याला काय कळतं! डिझेलला स्पार्कच नसतो. हवा दाबायची, डिझेल फवारायचं, की इंजिन चाललं. त्यामुळे पेट्रोलची गाडी बिघडली की डिझेलवाल्याचं मन आधी वायरींकडेच धावतं.

संध्याकाळी फोन आला, गाडी सुरू झाली. दोन हजार तीनशे पन्नास रुपये. खरंच सुरू होती. मी खुशीत घरी आलो.

चौथ्या दिवशी संगमेश्वरला निघालो आणि सात-आठ किलोमीटरवर गाडी आचके देत बंद पडली. पुन्हा तेच. सेल्फ फिरतोय, इंजिन मुकं. वर पाऊस. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली गाडी ढकलली आणि मनातल्या मनात त्या गॅरेजवाल्या पोराचा उद्धार करत बसलो. तेवढ्यात एक रिक्षावाला थांबला. अशा वेळी जो प्रश्न कोणीही विचारतो आणि ज्याचा आपल्याला हमखास राग येतो, तोच त्याने विचारला: "काका, पेट्रोल आहे ना?"

मी म्हटलं, बघा की, अर्धी टाकी आहे. आणि त्याला दाखवायला म्हणून झाकण उघडलं. आवाज आला, फुस्स! टाकीने लांब श्वास आत ओढल्यासारखा. रिक्षावाल्याला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र जागच्या जागी थंड झालो. अर्ध्या मिनिटाने सेल्फ मारला. गाडी सुरू.

आता तो उद्योग. पुण्याला जाताना मला भीती वाटली होती ती पावसाची. झाकणातून पाणी टाकीत उतरेल म्हणून मी झाकणाच्या रबराला आणि खालच्या बाजूला बेअरिंगचं ग्रीस थापलं होतं, चांगलं बोटभर. कारागिराचा हात, काम पक्कं. टाकीत हवा जायचं बारीक भोक त्याच झाकणात असतं, ते मी माझ्याच हाताने बुजवलं होतं.

तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आपण एक भोक पाडून थांबत नाही. समोर दुसरं पाडतो, नाहीतर तेल गुडगुड करून अडतं. टाकीचं तसंच. पेट्रोल खाली यायचं तर तेवढी हवा वरून आत गेली पाहिजे. माझ्या अर्ध्या रिकाम्या टाकीत सहा-सात लिटर हवा होती. पाव लिटर पेट्रोलही खाली गेलं नसेल, तोवर आतला दाब इतका उतरला की वीतभर उंचीचं पेट्रोल टाकीतच तोलून राहिलं. सात-आठ किलोमीटर हा हिशेब बरोबर जुळतो. आणि पाच महिन्यांत काय झालं? कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीतलं पेट्रोल उडून गेलं. उन्हाळ्यात बंद केलेली टाकी पावसात गार पडली, आतली हवा आकसली, त्यामुळे कॉक उघडला तरी वाटीत थेंब उतरला नाही. गॅरेजच्या पोराने पेट्रोल पाहायला झाकण उघडलं असणार, हवा आत गेली, वाटी भरली. त्याच वेळी नवा सीडीआय बसलेला. श्रेय सीडीआयला गेलं.

जुना सीडीआय मी दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या भंगाराच्या पेटीतून शोधून काढला. गाडीला परत लावला. आजही तोच चालू आहे. त्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, गाडी चालू करून दिली होती की नाही?" दिली होती. ग्रीस मी थापलं होतं, त्याने नाही.

पण सगळ्यात बोचतं ते वेगळंच. प्लग बदलताना जुने दोन्ही प्लग माझ्या हातात होते आणि दोन्ही कोरडे ठक्क होते. इतका वेळ सेल्फ आणि किका मारल्यावर प्लग कोरडा निघतो म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही, वीज तपासायचं कारणच नाही. पुरावा हातात धरून मी नवे प्लग बसवत होतो. आमच्या डेपोत पहिल्याच वर्षी वस्तादांनी शिकवलं होतं, गाडीने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की टाकीपासून सुरुवात करायची, टाकीचं झाकण सैल करून बघायचं. तेहतीस वर्षं हे मी दुसऱ्यांना शिकवलं.

म्हणून त्या गृहस्थांना माझी विनंती, गाडी भंगारात देण्याआधी एक सकाळ तिच्यासाठी काढा. आधी हँडलवरचं इंजिन बंद करायचं ते लाल बटण बघा. हसू नका. काही गाड्यांत ते बंद असलं तरी सेल्फ फिरतो, स्पार्क तेवढा येत नाही. पुसताना फडक्याने दाबलं जातं. मग टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. मग कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा छोटा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. सलग धार हवी. एक-दोन थेंब येऊन थांबलं तर वरची वाट कुठेतरी बंद आहे: झाकण, कॉकची जाळी, नाहीतर पिचलेली नळी. बाटली जरा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी आहे.

पेट्रोल व्यवस्थित येत असेल तर इंजिनाला पाच-सहा किका मारा आणि लगेच प्लग काढा. कोरडा असेल तर कार्ब्युरेटरमधलं बारीक जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, बुजलं आहे. महिनोन्महिने पडून राहिलेलं पेट्रोल लाखेसारखा थर धरतं आणि ते भोक मुळात केसाएवढंच असतं. प्लग ओलाचिंब असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. तेव्हा प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगच्या भोकापासून तो लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ उडते, भडका उडायला वेळ लागत नाही. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तरच मग वायरी, कॉइल, सीडीआय. त्यातही आधी प्लगची टोपी पिळून काढा आणि वायरचं टोक गंजलंय का बघा. कोकणातल्या पावसात ते गंजतंच. जरासं कापून टोपी परत पिळली की पुष्कळदा काम होतं. रात्री अंधारात सेल्फ मारून बघितलं तर फुटलेल्या वायरीतून ठिणगी बाहेर उड्या मारताना चक्क दिसते.

आणि सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका. प्लग भिजले असतील तर ओढलेला चोक परत मागे करून, रेस पूर्ण पिळून किका मारा. हल्लीच्या पोरांना चोक म्हणजे काय ते माहीत नाही, इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी यंत्रणेने मोजून पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांवर शिकलेली. माझ्या पुतण्याने तो ओढलेलाच ठेवून वीस किका मारल्या असत्या. किक लोण्यासारखी खाली जात असेल, अडतच नसेल, तर मात्र पिस्टन रिंगा किंवा वॉल्व्हचं काम आहे. तिथे गॅरेजला पर्याय नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलेलं नाही ना, तेही बघा. सायलेन्सरचं तोंडही बघा, शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर लिंपलं होतं.

राहिला प्रश्न इथेनॉलचा. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट सरकारने आधी २०३० साठी ठेवलं होतं, ते पाच वर्षं अलीकडे आणलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, हे खरं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं. नव्या इंजेक्शनच्या गाड्या हवा-पेट्रोलचं प्रमाण आपलं आपण जुळवून घेतात, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल काढून टाका. ग्रीस नको. पण इथेनॉलने गाडी बिघडली असं म्हणायचं तर ते बाटलीत, नळीत, जेटमध्ये दिसलं पाहिजे. न बघता इथेनॉल म्हणणं आणि न बघता सीडीआय म्हणणं, यात मला तरी फरक दिसत नाही.

गॅरेजवाल्यांना फार बोल लावत नाही, कारण दोष अर्धा आपला आहे. एखाद्याने तासभर खपून झाकणातलं भोक सुईने मोकळं केलं आणि दीडशे रुपये मागितले तर आपण म्हणतो, "केलंस काय एवढं?" तोच नवा सुटा भाग बसवून दोन हजार मागतो तेव्हा निमूट देतो. मग तो भाग का नाही बदलणार? तपासणीचे पैसे वेगळे लावा, आम्ही देऊ. पण काढलेला जुना भाग बिलाबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा, एवढा नियम गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी करावा. माझा सीडीआय भंगाराच्या पेटीत सापडला, प्रत्येकाचा सापडेलच असं नाही.

त्या गृहस्थांचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. साडेचार हजारांत काय काय बदललं ते त्यात सगळं आहे: प्लग, कॉइल, बॅटरी, पेट्रोलची नळी. त्यांनी आपल्या वर्तमानपत्रातून एवढं एकच कळवावं, जुना प्लग काढला तेव्हा तो ओला होता की कोरडा?

आपला,
एक निवृत्त एसटी कारागीर
देवरूख परिसर, जि. रत्नागिरी