ल्युडमिलाबद्दल थोडं

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. म्युनिक १९७२ च्या ऑलिंपिकमधलं जिम्नॅस्टिक्स म्हटलं की तुला सोव्हिएत संघाची ओल्गा कोर्बुटच आठवते, असं लिहिलंयस. सगळ्यांना तीच आठवते गं. पण त्या ऑलिंपिकची सर्वसाधारण विजेती (चारही उपकरणांचे गुण मिळून पहिली) होती तिच्याच संघातली ल्युडमिला तुरिश्चेवा, आणि तिच्याबद्दल तुला सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं.

ल्युडमिला ग्रोझनीची, जन्म १९५२ चा. प्रशिक्षक व्लादिस्लाव रास्तोरोत्स्की. १९६८ ला मेक्सिकोत ऑलिंपिकला गेली तेव्हा नुकतीच सोळा पूर्ण झालेली. सोव्हिएत संघाला सांघिक सुवर्ण मिळालं, पण वैयक्तिक क्रमवारीत ही चोविसावी! दोनच वर्षांनी ल्युब्लियानाला ती जगज्जेती झाली आणि १९७४ ला वार्नात पुन्हा.

म्युनिकला ओल्गाचा अनइव्हन बार्सवर (कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांवर) घोळ झाला, ती रडली आणि सगळं स्टेडियम तिच्याबरोबर हळहळलं. त्याच गदारोळात ल्युडमिला शांतपणे व्हॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर या चारही उपकरणांवर कसरती करत होती आणि शेवटी सुवर्ण तिचं झालं. पुढे एकेका उपकरणाच्या अंतिम फेऱ्यांत ओल्गाने बीम (अरुंद तुळईवरच्या कसरती) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) जिंकलं. फ्लोअरला ल्युडमिला दुसरी आली. ओल्गाचं यश खरंच होतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ल्युडमिलाला लोक 'थंड' म्हणतात ना, ते मला अजिबात पटत नाही. तिचं फ्लोअर बघ. हात किती सावकाश उघडतात! घाई म्हणून नाहीच.

आणि १९७५ चा लंडनचा विश्वचषक! वेम्बलीला. त्या काळी बार्स जमिनीला पोलादी तारांनी ताणून बांधलेले असत. तिचा बार्सवरचा कसरतींचा संच संपत आला आणि त्यातली एक तार सुटली. बार्स हलायला लागले. तरी तिने उतरणीची उडी घेतली, पाय रोवले, आणि पाठीमागे अख्खं उपकरण कोसळलं. एवढा आवाज झाला, पण तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही! पंचांना अभिवादन केलं आणि चालत निघून गेली. त्या स्पर्धेत सर्वसाधारण विजेतेपद आणि चारही उपकरणांची सुवर्णं तिनेच घेतली. हे मी कितीही वेळा पाहिलं तरी अंगावर काटा येतोच.

मॉन्ट्रियल, १९७६. आता ती संघाची कर्णधार. सांघिक सुवर्ण सलग तिसऱ्यांदा मिळालं, पण वैयक्तिक स्पर्धेत रोमानियाची चौदा वर्षांची नादिया कोमानेची पहिली, ल्युडमिलाच्याच संघातली नेली किम दुसरी आणि ल्युडमिला तिसरी. चार वर्षांपूर्वीची विजेती! आपलं कांस्य घेण्याआधी ती मंचाला वळसा घालून गेली आणि नादियाचं अभिनंदन केलं. तिची ऑलिंपिक पदकं एकूण ९, त्यांत सुवर्णं ४. पण मला तिचं ते पाच-सहा पावलं चालत जाणं त्या सगळ्यांहून मोठं वाटतं.

पुढच्याच वर्षी तिने धावपटू वालेरी बोर्झोवशी लग्न केलं. म्युनिकला १०० आणि २०० मीटर जिंकलेला तोच. मग ती कीवमध्ये स्थायिक झाली आणि पुढे युक्रेनच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाची अध्यक्षही झाली.

तुझी भाची बीमवरून पडली की सराव सोडून बसते, असं लिहिलंयस. तिला ओल्गा दाखव, नादिया दाखव, पण वेम्बलीची ती चित्रफीत आधी दाखव. आणि पाहून काय म्हणाली ते मला लगेच कळव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
वासंती