माळ्यावरच्या पोथ्या वाटू नका

लंडन

ती. आप्पांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

माळ्यावरच्या पोथ्या तिघा भावांत वाटून टाकायचं तुमचं चाललंय, असं ताई फोनवर म्हणाली. म्हणून हे घाईनं लिहितोय. आप्पा, जरा दम धरा.

इथे सेनेट हाउस म्हणून विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. तिथे जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाच्या हेथ्रॉप कॉलेजचा धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचा संग्रह आलाय. इंग्लंडात तेव्हा कॅथलिकांचा छळ चालला होता, म्हणून तिथल्या जेझुइटांनी १६१४ मध्ये समुद्रापलीकडे, आजच्या बेल्जियममधल्या लूव्हेनला हे कॉलेज काढलं. मग ते लिएजला गेलं. १७७३ मध्ये खुद्द पोपनेच संघ मोडीत काढला, तरी यांचं शिकवणं थांबलं नाही. १७९४ मध्ये फ्रेंच फौजा आल्यावर मायदेशी स्टोनीहर्स्टला आसरा घेतला. पुढे धर्मशास्त्रवाले वेल्समध्ये गेले, घर दोन जागी झालं. १९२६ मध्ये ऑक्सफर्डशायरातल्या हेथ्रॉपला धर्मशास्त्रवाले आणि तत्त्वज्ञानवाले परत एकत्र आले, पुस्तकांसकट. १९७० मध्ये लंडन. आणि आता कॉलेजच बंद झालंय. पुस्तकांना मात्र छप्पर मिळालं.

त्यातलं एक जाडजूड पुस्तक मी उघडलं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एका घराचा शिक्का, त्यावर काट, खाली दुसऱ्या घराचा. कुठून कुठे गेलं ते सगळं नोंदलेलं. मला फार बरं वाटलं बघून.

याच संघाचा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्यानं मराठीत ओव्या रचल्या. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं. त्या छापील आवृत्तीची आज एकही प्रत नाही! राहिली ती लोकांनी हातानं उतरवून ठेवलेली बाडं. देवनागरीतलं एक बाड सेनेट हाउसच्या शेजारीच, सोआस नावाच्या कॉलेजात आहे.

तेव्हा माझं ऐका. मृगाच्या आत सगळी गाठोडी खाली काढा. रुमाल सोडून कसर लागलीय का बघा, उन्हात मात्र घालू नका, सावलीत वारा द्या. कुठली पोथी कुणी उतरवली, कुठून आली, हे तुम्हाला आणि मोठ्या काकांनाच ठाऊक. ते ताईला वहीत लिहून घेऊ दे. मग आपल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयात विचारा. १८२८ पासूनची संस्था आहे, कुणीतरी वाट दाखवील. वाटणीचं मी आल्यावर बोलू, काकांनाही मी फोन करतो.

आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू