सही करण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि म्युझिक कंपनीच्या कराराची झेरॉक्स मिळाली. एकरकमी आकडा बघून तुला किती हायसं वाटलं असेल, ते मला समजतं. तरीही कळकळीने सांगतो, एवढ्यात सही करू नकोस.

एका गाण्यात हक्क वेगवेगळे असतात. चाल तुझी, शब्द वहिनींचे. आणि रेकॉर्डिंगचा सगळा खर्च तूच केलास, त्यामुळे ध्वनिमुद्रणही तुझंच. कंपनी हे तिन्ही मागते आहे, तेही 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी'. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत धरतो. म्हणूनच ते दोन शब्द तिथे मुद्दाम घातलेले असतात.

कायद्याचा एक मोठा आधार तुम्हा दोघांना आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला देता येतो. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत तळमळीने बोलले होते. पण वाटा पदरात पडायचा तर नोंद हवी. तू आणि वहिनी, दोघंही आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या अशाच संस्थेचे, सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. आपल्याकडचे कितीतरी चांगले संगीतकार हे टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑनलाइन ऐकण्याचे किती मिळतील, असं तू विचारलंस. स्पॉटिफायवर एका वेळच्या ऐकण्याला ठरलेला भाव नसतो. महिन्याचा पैसा एकत्र जमतो आणि एकूण ऐकण्यात कुणाचा किती हिस्सा, त्या प्रमाणात वाटला जातो. एखाद्याने महिनाभर फक्त तुझीच गाणी ऐकली, तरी त्याची वर्गणी तुझ्याकडे येत नाही. ती त्याच ढिगात जाते आणि बहुतेक बड्यांच्या वाट्याला लागते. मला हा उघड अन्याय वाटतो. त्यात २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला तिथे काहीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींतला ५५ टक्के हिस्सा मिळतो, पण त्याआधी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तासांचं पाहणं जमवावं लागतं. गाणी या सगळ्या ठिकाणी ठेव. नवा श्रोता तिथेच भेटतो. फक्त घरखर्च त्यावर लावू नकोस.

माझं घर चालतं शिकवण्यांवर आणि बैठकींवर. गाणं शिकवून जगणं पुण्याला नवं नाही. गायक भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज ही गाण्याची शाळा काढली ती १९११ साली. आता फरक एवढाच, की माझी सकाळची शिकवणी अमेरिकेतल्या मुलींची असते, कारण तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. त्यांच्या आयांनी मला यूट्यूबवरच ऐकलं होतं.

बैठकीला मात्र तिकीट लावच. तीस-चाळीस माणसं मावतील असा कुणाचा तरी दिवाणखाना पुरतो. आधी तबलजी आणि पेटीवाल्याची बिदागी बाजूला काढायची, मग आपली. ओळखीतल्यांना पास वाटायची सवय मोडायला जड जाते, पण ऐकणारे खरंच देतात रे! बैठक संपल्यावर यूपीआयचा कोड समोर ठेवला, तर तिकिटाच्या वर देणारेही निघतात. आलेल्या प्रत्येकाचा नंबर विचारून घे. पुढच्या बैठकीचं, नव्या गाण्याचं त्यांना थेट कळवता येतं, मध्ये कुठल्याही कंपनीची मर्जी लागत नाही. परदेशातल्यांसाठी बँडकॅम्प ही गाणी थेट श्रोत्यांना विकायची वेबसाइट आहे. तिथे अल्बमची किंमत तू ठरवायचीस. ते साधारण १५ टक्के ठेवतात आणि पैसे देताना येणारं शुल्क वेगळं.

कंपनीशी भांडू नकोस. त्यांना लिही, की ध्वनिमुद्रण तीन वर्षांसाठी वापरायला देतो, मालकी देत नाही. चाल आणि शब्द करारातून वगळा. रक्कम कमी करतील, करू देत. ऐकलंच नाही, तर गाणी तुझ्याकडे आहेतच. मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय परत पाठवू नकोस, आणि त्याआधी तो वहिनींना पूर्ण वाचायला दे. निम्मं गाणं त्यांचं आहे, आणि तुझ्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाही.

तुझा,
अभय