शेवट ठाऊक असलेली पुस्तकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी ‘गुळचट’ कादंबऱ्यांवर लेख आला होता. समुद्रकाठचं छोटं गाव, तिथे शहरातून नव्याने आलेली सुईण, तिचं मोडलेलं लग्न, एक तुसडा डॉक्टर नाहीतर एक अबोल कोळी, आणि तीनशे पानांनंतर दोघांचं जुळणं. लेखकाने छान टर उडवली आहे. ‘शेवट मुखपृष्ठावरच कळतो’ हे त्यांचं वाक्य वाचून मी घरात एकटीच हसले. खरंच आहे ते. पण अशी चौदा पुस्तकं माझ्याकडे आहेत आणि 36 वर्षं मी बाळंतपणं केली आहेत, तेव्हा दोन शब्द मीही लिहावेत म्हणते.

गेल्या मे महिन्यात सीताबर्डीवर किलोच्या भावाने इंग्रजी पुस्तकांची विक्री लागली होती. नातवासाठी काही मिळतं का बघायला गेले. दोन पुस्तकं तराजूत टाकली तर किलोला जरा कमी पडत होतं. दुकानदार म्हणाला, “आंटी, एक अजून टाका, राउंड होऊन जाईल.” हाताला लागलं ते टाकलं. कव्हरवर निळं पाणी, दगडी घर, दारात सायकल आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेली काळी बॅग. ती बॅग मी लगेच ओळखली. तशीच बॅग माझ्या ॲटलस सायकलला वर्षानुवर्षं बांधलेली होती. रेक्झिनचा वास मला अजून आठवतो.

त्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर. दुपारी कूलरपुढे पडून पुस्तक उघडलं. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजी जे आलं ते लेबर रूममध्ये आलं. त्यामुळे गंमत झाली. सर्व्हिक्स, ब्रीच, मेकोनियम, नाळेचे वेढे, सगळं मी घडाघडा वाचत सुटले आणि हायड्रेंजिया, स्कोन, कार्डिगन आले की मोबाइलमध्ये शोधायचे. माझ्या सुनेचं नेमकं उलट. ती बाळंतपणाची पानं ओलांडून जाते, मी चुंबनाची.

नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे फुटाळ्याची चौपाटी. समृद्धी महामार्गाने 701 किलोमीटर तोडले तरी रस्ता ठाणे जिल्ह्यात आमण्यापाशी संपतो, समुद्र पुढेच राहतो. मी स्वतः समुद्र दोनदाच पाहिला आहे. तरी ही पुस्तकं मला परकी वाटली नाहीत, त्याचं कारण एका तळ्यात आहे. माझ्या नोकरीची पहिली चौदा वर्षं भंडारा जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात गेली. गावाला लागून मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले ते तलाव तिकडे गावोगाव आहेत. अर्धं गाव धानवाल्यांचं, पाळीकडचा, म्हणजे तलावाच्या बांधाकडचा मोहल्ला ढिवरांचा, मासे धरणाऱ्यांचा. कादंबरीत एका ठिकाणी ओहोटीला बंदर रिकामं होतं आणि बोटी चिखलात कलंडून पडतात, असं वर्णन आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या लहान बंदरांत ते रोजच होतं म्हणे. मी पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ तशीच पडून राहिले. आमच्या तळ्याला भरती-ओहोटी वर्षातून एकदा. श्रावणात पाणी पाळीला टेकायचं आणि वैशाखात डोंगे असेच भेगाळलेल्या गाळात कलंडलेले असायचे, पोरं त्यात बसून वल्हवायचं नाटक करायची.

आता पुस्तकांतल्या चुका. त्या मी झाकणार नाही. पहिलटकरणीला बारा-चौदा तास सहज लागतात. इथे पान 212 वर दुकानात पाणी जातं आणि 215 वर बाळ रडतं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे वार, बाळामागून नाळेसोबत पडते ती. चौदा पुस्तकांत मिळून तेवीस बाळंतपणं आहेत (मी मोजली आहेत), त्यांत वार पडल्याचा उल्लेख फक्त चार ठिकाणी. बाळ आईच्या कुशीत जातं, खिडकीतून सूर्य उगवतो आणि सुईण बाहेर येऊन डॉक्टरच्या खांद्यावर डोकं टेकते. अगं, वार पडली का? गर्भाशय घट्ट लागतंय का ते पाहिलंस? बाळंतपणातला खरा धोक्याचा अर्धा तास तोच आणि या बायका नेमक्या त्याच अर्ध्या तासात प्रेमात पडतात. मी पेन्सिलीने समासात ‘वार?’ असं लिहून ठेवलं आहे.

पण मग वाचते कशाला?

एक तर त्यातली सुईण काम करताना दिसते. नर्सिंगच्या होस्टेलवर आम्ही मिल्स अँड बूनची पुस्तकं खाकी कव्हर घालून वाचायचो. लंडनची ही कंपनी 1908 सालची, त्यांची डॉक्टर-नर्सची पुस्तकं तेव्हा फार फिरायची. माझ्या हाती आली त्यांतली नर्स बहुधा ट्रे घेऊन उभी असे आणि सर्जनचे डोळे बघत असे. या नव्या पुस्तकांत डॉक्टर बहुतेक वेळ बाहेरच असतो. तिकडची पद्धतच तशी आहे. साधं बाळंतपण मिडवाइफ स्वतःच्या जबाबदारीवर करते, काही बिघडलं तरच डॉक्टर. नंतरचे दहा-बारा दिवस बाळ-बाळंतिणीकडे लक्षही मिडवाइफच ठेवते, घरी जाऊन बघते. कळा सोसेनाशा झाल्या की ‘गॅस अँड एअर’ची नळी हातात देते. आमच्याकडे देण्यासारखा फक्त पाठीवरून फिरवायचा हात होता. त्यातल्या एका नायिकेकडे पिनार्डचा लाकडी कर्णा आहे, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचा. माझा ॲल्युमिनियमचा होता, हिवाळ्यात पोटाला लावण्याआधी तळहातावर घासून गरम करायचे. ही बाईसुद्धा तसंच करते! त्या एका ओळीसाठी त्या लेखिकेला मी सगळ्या वारा माफ केल्या.

दुसरं, तिच्याकडे वेळ आहे. 1986 च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊला ढिवर मोहल्ल्यातून बोलावणं आलं. नाल्याला पूर, रस्ता बंद, म्हणून डोंग्यातून नेलं. एकाने बांबूने डोंगा रेटला, दुसरा माझ्या डोक्यावर युरियाचं पोतं धरून बसला होता. बॅग मी मांडीत घट्ट धरली होती, पोहता मला अजूनही येत नाही. घरात गावची म्हातारी दाई आधीच बसलेली. तिचं माझं फार जमायचं नाही. मी तिला ‘पाच स्वच्छता’ शिकवायची : हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ. ती ऐकून घ्यायची आणि पान लावायची. त्या रात्री तिने बाईच्या पोटावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नर्सबाई, पयले तू भात खाऊन घे. तिले अजून टाइम आहे.” मी तपासलं, तिचं बरोबर होतं. आम्ही दोघी चुलीपाशी बसून भात आणि झिंग्याचा रस्सा जेवलो. ब्लेड मी उकळलं, बाईला धरून तिने बसवलं. पहाटे चारच्या पुढे बाई मोकळी झाली. पोरगी झाली. वार वीस मिनिटांनी पडली, पूर्ण होती, मी कंदील जवळ घेऊन पाहिली. सकाळी पूर ओसरेपर्यंत मला कुठे जायचंच नव्हतं. पुढे तसा निवांतपणा मला फार कमी मिळाला. त्या कादंबऱ्यांत वादळ येतं, रस्ता बंद होतो, तेव्हा समीक्षकांना ते लेखिकेचं कारस्थान वाटतं. मला ती सकाळ आठवते.

महिन्याच्या मीटिंगला मी ही हकीकत सांगायला तोंड उघडलं तर साहेबांनी विचारलं, “केसेस किती?” केसेस म्हणजे बाळंतपणं नव्हेत, कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया. 1996 च्या एप्रिलमध्ये केंद्राने ती टार्गेटं काढली, तोवर आमची ओळख तेवढीच होती. म्हणून कादंबरीत गावातला बेकरीवाला सुईणीला बघून न विचारता पाव बाजूला काढून ठेवतो, तिथे मला भरून येतं. डॉक्टरने हात धरला तेव्हा येत नाही. त्या गावांत लाइफबोटीवर, समुद्रात अडकलेल्यांना वाचवायला जाणारी माणसंही बहुतेक स्वयंसेवक असतात, 1824 पासूनची संस्था आहे ती. पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघतात. सुईण आणि ते, दोघंही अपरात्री बोलावण्यावर जाणारे. त्यांचं जमलं तर त्यात गुळचट काय आहे?

आणि तिसरं, शेवटाचं. लेखकांचा मुख्य आक्षेप त्यावरच आहे.

1991 मध्ये एका बाईचं तिसरं बाळंतपण मी केलं. मूल छान रडलं. वारही पडली, पूर्ण पडली. मग रक्त थांबेना. रक्त थांबवायचं मेथर्जिन दिलं, गर्भाशय चोळत राहिले, ट्रॅक्टर मिळाला, ट्रॉलीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पुढचं इथे लिहीत नाही. तिचं गाव मागे पडलं, माझी बदली झाली, बढती झाली, तरी दर वेळी बाळ रडलं की सगळ्यांची तोंडं हसरी व्हायची आणि मी मात्र घड्याळाकडे बघत असायची. नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत. दारातून आत जाताना शेवट कसा असेल हे मला एकदाही माहीत नव्हतं. तेव्हा मुखपृष्ठावरच शेवट कळणारं पुस्तक हाती आलं, तर मी ते का टाकून देऊ? त्यात आई जगणार, बाळ जगणार, एवढं पक्कं असलं की मी निवांतपणे बाकीचं बघते. खिडकीवरचे शिंपले, किटली, बाहेरचा पाऊस.

घरची बाळंतपणं पुन्हा सुरू करा, असं मी म्हणत नाही. कोणी तसा अर्थ काढू नये. 2019-21 च्या सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या शंभरापैकी जवळपास पंचाण्णव प्रसूती दवाखान्यात झालेल्या आहेत, त्यात आमच्यासारख्यांच्या सायकलींचाही वाटा आहे आणि नंतर आलेल्या आशाताईंचा तर फारच. 1991 साली 108 ची गाडी असती तर मी हा मागचा परिच्छेद लिहिला नसता. 2018 मध्ये, मी निवृत्त झाले त्याच वर्षी, केंद्र सरकारने मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सना 18 महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं आणि साधी बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची. उशिरा का होईना. त्या पोरींनी ही पुस्तकं जरूर वाचावीत, पेन्सिल घेऊन.

लेखकांना एक सुचवते. टर उडवण्यापेक्षा असं एखादं मराठीत लिहा. कोकणच हवं असं नाही. मालगुजारी तलाव घ्या, डोंगा घ्या, बदलून आलेली सिस्टर घ्या. तुसडा डॉक्टर शोधायला तर लांब जावंच लागणार नाही. प्रेमबीम घाला, माझी हरकत नाही, फक्त वार पडल्यावर. तिकडच्या झाडीच्या बोलीत माणसं बोलू द्या आणि ती दाई अडाणी दाखवू नका. मला अशी मराठी कादंबरी अजून भेटलेली नाही. कोणाला ठाऊक असली तर आपल्याच पत्रव्यवहारात कळवावं.

माझी चौदाही पुस्तकं त्यांनी न्यायला हरकत नाही, पिशवीत भरून ठेवली आहेत. पैसे नकोत, किलोने घेतलेली आहेत. त्यातल्या एकाची शेवटची वीस-बावीस पानं फाटलेली आली. ते मी सगळ्यात जास्त वेळा वाचलं आहे.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
मानेवाडा, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती. साहेब अजून पेपर वाचतात.)