माळ्यावरचे हंडे खाली काढा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "कोयनेला हललं की इथं मांडणीवरची भांडी वाजतातच, त्यात नवीन काय? बारकं-बारकं हलत राहिलं की मोठा भूकंप टळतो." तेव्हापासून मनाला घोर लागलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा, तसं होत नाही. रिश्टरचा आकडा एकने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, तुमच्या लहानपणचा तो कोयनेचा भूकंप ६.३ चा होता. तेवढी ऊर्जा ४ रिश्टरच्या धक्क्यांनी निघून जायची तर तसे जवळजवळ २८०० धक्के बसावे लागतील.

आपल्या भारताचा सगळा भूखंड दरवर्षी पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी अडतो. त्या रेट्याचा ताण इथल्या काळ्या दगडाखालच्या जुन्या भेगांमध्येही साठलेला असतो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला तसं पाणी त्या भेगांत खोलवर झिरपलं, आतला दाब वाढला आणि घट्ट बसलेला खडक सरकायला मोकळा झाला. म्हणूनच तिथले धक्के पावसाळ्यानंतर वाढतात. नंतर वारणेचं धरण भरल्यावर त्या बाजूलाही ते सुरू झाले, आणि वारणा तर आपल्या उशालाच. याचा अभ्यास करायला कोयनेच्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. तरीही कुठल्या दिवशी, किती वाजता भूकंप होईल हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही. आई, व्हॉट्सअ‍ॅपवर "आज रात्री भूकंप" असं आलं तर जागत बसू नकोस गं.

मला काळजी आहे ती घराची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप कोयनेएवढ्याच ताकदीचा होता. कोयनेत पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, किल्लारीच्या भागात हजारो. माणसं पहाटे झोपेत होती आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वरच्या मातीच्या धाब्यांसकट, अंगावर आल्या. अशा भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात, मध्ये नुसती खडी-माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार लांब दगड नसले की हादऱ्यात पदर सुटे होतात, भिंत फुगते आणि ढासळते.

आपली मागची भिंत तशीच आहे. गेल्या खेपेला स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मी बोटाने वाजवून पाहिली: गिलावा पोकळ वाजतो, आणि कोपऱ्यात खालून वर जाणाऱ्या चिरेत माझं नख शिरलं. नुसता रंग देऊन ती चीर झाकू नका. किल्लारीनंतर लातूर-धाराशिवकडच्या अनेक घरांत भिंतीला आरपार भोकं पाडून, सळई घालून काँक्रीट भरलं आणि दोन्ही पदर बांधून घेतले. दारा-खिडक्यांच्या वरून जाळी आणि सिमेंटचा पट्टाही फिरवता येतो. घर पाडायची गरज नाही, बाबा. आजोबांचं घर आहे, मलाही ते हवंय.

हे काम होईपर्यंत दोन गोष्टी मात्र लगेच करा. पलंग माळ्याखालून हलवा आणि वरचे तांब्याचे हंडे, ते पितळी घंगाळ, सगळं खाली आणून ठेवा. झोपेत डोक्यावर पडायला एक हंडा पुरतो. कपाटं भिंतीला स्क्रूने आवळून घ्या. हादरा सुरू असताना आईने जिन्याकडे धावायचं नाही. तिच्या गुडघ्यांनी ते होणार नाही. पलंगावरच राहून उशीने डोकं-मान झाकायची. थांबलं की गॅस बंद करून दोघांनी अंगणात यायचं, भिंतीपासून लांब.

दिवाळीत येईन तेव्हा जुन्या बांधकामातला जाणकार इंजिनिअर घेऊन येते. खर्चाचं मी आणि दादा बघतो, त्यावरून वाद घालू नका. पलंग हलवला की मला फोन करा.

तुमची,
ताई