तात्या, छापील आभारांत तुम्ही बसला नाहीत म्हणून

आदरणीय तात्या,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांनी वाचावं असंच लिहिते आहे. तुम्हाला ते आवडणार नाही, हे ठाऊक आहे. पण आमच्याकडे शोधनिबंधाच्या शेवटी आभाराचं एक ठरलेलं वाक्य असतं: जहाजाचे कप्तान, अधिकारी आणि खलाशी यांचे आभार. तुम्ही जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त, या सफरीत नव्हता, त्यामुळे त्या वाक्यातही बसत नाही. आणि यंदाच्या मूरिंग सफरीचं (मूरिंग म्हणजे तळाशी नांगरलेला, मोजयंत्र बांधलेला उभा दोर) नियोजन निम्मंअधिक तुमच्या वेंगुर्ल्याच्या पडवीत झालं, हे कुठल्याच कागदावर आलेलं नाही. म्हणून हे उघड पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, समुद्रबूड जमीन संपून खंडान्त उतार सुरू होतो तिथं, साधारण हजार मीटर पाण्यात २००८ पासून प्रवाहमापक उभे आहेत. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था ते सांभाळते. तळाला लोखंडी वजन, त्यावर रिलीज, म्हणजे ध्वनिसंकेतानं उघडून दोर वजनापासून सोडवणारी कडी, मग शेकडो मीटर दोर, मध्ये काचेचे पोकळ गोळे, आणि साधारण दीडशे मीटर खोलीवर मोठ्या तरंगत्या बोयात बसवलेलं ध्वनीवर चालणारं यंत्र. ते वर तोंड करून आवाज सोडतं आणि पाण्यातल्या कणांवरून परतलेल्या आवाजावरून, कुठल्या थरात पाणी किती वेगानं कुठं चाललंय ते नोंदवतं. वरून काहीच दिसत नाही. जवळपास वर्षानं बॅटरी संपत आली की जहाज घेऊन जायचं, वजन सोडून बाकी सगळं वर काढायचं, नवं सोडायचं.

हा खटाटोप कशासाठी, हे तुम्ही एकदाच विचारलंत. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेला जातो, हिवाळ्यात उत्तरेला, एवढं तुम्हाला जाळ्यावरूनच माहीत होतं. त्या प्रवाहातले काही चढउतार बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी उठतात आणि श्रीलंकेला वळसा घालून आपल्याकडे येतात, हे मी सांगितल्यावर तुम्ही नुसतं ‘बरां’ म्हणालात आणि पुन्हा माझ्या तक्त्याकडे वळलात.

तक्ता तसा व्यवस्थित होता. ठिकाणं, अंतरं, जहाजाचा वेग, प्रत्येक मूरिंगला लागणारे तास. तुम्ही चष्मा लावून तो पुरता वाचलात आणि म्हणालात, “आधी नांगर खंय ठेवूचो, ता सांग. बाकीचा मागसून बघू.”

नांगर म्हणजे ते तळाचं वजन. जगात कित्येक ठिकाणी यासाठी आगगाडीची जुनी चाकं वापरतात, त्यावरून वजनाचा अंदाज यावा. पाण्यात ते सगळ्यात शेवटी जातं: आधी वरचा बोया सोडायचा, जहाज अगदी हळू पुढं न्यायचं, दोर मागं सोडत राहायचा आणि शेवटी नांगर. पण मुरगावच्या धक्क्यावर क्रेननं पहिल्यांदा चढतो तो नांगरच, आणि एकदा जहाज डोलायला लागलं की तो इकडचा तिकडे करता येत नाही. तुम्ही नातीच्या चित्रकलेच्या वहीचा कागद मागवलात, त्यावर जहाजाचा मागचा डेक काढलात, आणि चिंचोके ठेवत गेलात. हे नांगर. हे दोराचे ड्रम, जे आधी लागणार ते वर. ही ए-फ्रेम, जिच्यावरून सामान पाण्यात सोडायचं ती कमान, हिच्यापुढची जागा मोकळीच. आणि मग तो प्रश्न, जो आमच्या बैठकांत एकदाही निघाला नव्हता: जुनं मूरिंग वर येईल तेव्हा त्याचा शेवाळलेला ओला दोर, गोळे, साखळ्या कुठं पडणार? कारण नवं सोडायचं तेही याच डेकवरून. एक रिकामा ड्रम आणि डाव्या बाजूची पट्टी फक्त जुन्यासाठी, असं ठरलं. चिंचोक्यांचा तो नकाशा मी मोबाइलवर टिपला आणि तोच पुढं जहाजाच्या बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, दाखवला. कप्तानांबरोबरच्या बैठकीच्या आधी बोसनकडे जा, ही तुमचीच ताकीद. त्यानं एका ड्रमची जागा बदलली आणि बाकीचं मान्य केलं. अधिकृत आराखड्याला इतक्या लवकर मान्यता मिळालेली मी पाहिली नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्याबरोबर पाण्याचे नमुने घेणारेही होते आणि त्यांनाही दिवसाउजेडी काम हवं होतं. तुम्ही साफ सांगितलंत: रात्र त्यांची, दिवस मूरिंगचा, आणि रिलीजला हाक द्यायची ती उजाडल्यावर. बोया दहा-पंधरा मिनिटांत वर येतो खरा, पण वर आल्यावर तो शोधायचा असतो, आणि लाटांत नारिंगी ठिपका हरवायला वेळ लागत नाही. सकाळी हाक दिली तर शोधायला अख्खा दिवस हाताशी. रिलीज दोन लावतात, एक उघडला तरी भागतं. तरी दोन्ही मुके राहिले तर काय, म्हणून गळ टाकून ओढण्यासाठी एक दिवस राखून ठेवायला लावलात. तो दिवस मिळवायला मला बरीच पत्रं लिहावी लागली. जहाजाचा एकेक दिवस किती महाग असतो, हे हिशेब तपासणारे फार आवडीनं सांगतात.

महिन्याचाही घोळ होताच. पावसाळ्यात मागच्या डेकवर उभंसुद्धा राहवत नाही. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली की ट्रॉलर बाहेर पडतात, पण समुद्र निवायला वेळ लागतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळं. २०१९ मध्ये क्यार अजून विरलं नव्हतं तोच महा उठलं, दोन्ही एकाच वेळी अरबी समुद्रात. हवा नेमकी कधी बिघडेल ते मला सांगता येणार नाही, असं तुम्ही स्वच्छ म्हणालात. तुमच्या वयाच्या माणसाकडून हे ऐकून फार बरं वाटलं. त्याऐवजी तुम्ही क्रम बदललात. माझ्या तक्त्यात गोव्यासमोरचं मूरिंग परतीच्या वाटेवर होतं, इंधन वाचत होतं म्हणून. तुम्ही ते पहिलं घेतलंत. “काय बिघाडला तर बंदर लागी आसा.”

आणि बिघडलं. पहिल्याच मूरिंगला विंचच्या, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राच्या, हायड्रॉलिकची एक नळी पाझरायला लागली. बंदर एका रात्रीवर होतं. आम्ही परतलो, नळी बदलली आणि पुन्हा निघालो. राखीव दिवस त्यातच खर्ची पडला. हेच मुंबईसमोर झालं असतं, जिथं समुद्रबूड जमीन इतकी रुंद आहे की उतारापर्यंत पोचायलाच किती वेळ जातो, तर यंदाची निम्मी सफर आम्ही रद्द केली असती.

होकायंत्राची गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. यंत्रात नवी बॅटरी घातली की आतलं होकायंत्र पुन्हा जुळवावं लागतं, कारण बॅटरीचं लोखंड त्याला ओढतं. त्यासाठी ते मोकळ्या मैदानात नेऊन थोडं थोडं फिरवायचं. पुस्तिकेत लिहिलेलं असतं की जवळ गाडी नको, मोबाइल नको, पट्ट्याचं बक्कल नको. ते सगळं आम्ही बाजूला ठेवलं होतं. तुम्ही फोनवर विचारलंत, “जमिनीखालून पाण्याचो पायप जाता काय?” माळ्याला विचारलं तर खरंच जात होता, जुना, लोखंडी. पन्नास पावलं सरकलो आणि आकडे गुमान बसले. हे कुठल्या पुस्तिकेत लिहायचं, सांगा.

बारीकसारीक तर किती! शॅकलच्या (साखळी-दोर जोडणाऱ्या कड्यांच्या) पिना यादीत धराव्यात त्याच्या दुप्पट, कारण त्या डेकवरच्या फटीतून समुद्रात जायलाच जन्मलेल्या असतात. स्टेनलेस आणि जस्ताचं लोखंड एकमेकांना टेकू द्यायचं नाही, मध्ये प्लास्टिकची चकती, नाहीतर खारं पाणी वर्षभरात एकाला खाऊन टाकतं. सीलच्या रबरी कड्यावरून बोट फिरवताना डोळे मिटून फिरवायचं; केस असेल तर डोळ्याआधी बोटाला कळतो. नांगर सोडायचा तो ठरलेल्या जागेच्या थोडं पुढं जाऊन, कारण बुडताना तो मागं येतो, आणि उतारावर किलोमीटरभर चूक म्हणजे खोलीत पन्नासेक मीटरचा फरक सहज. शेवटचं मला आधीही माहीत होतं, पण किती पुढं जायचं ते त्या वेळच्या प्रवाहावरून ठरवायला बोसननं शिकवलं, आणि तो म्हणे तुमच्याच हाताखाली तयार झालेला.

मूरिंगं सगळी मिळाली. गोव्यासमोरचा बोया शिंपल्यांनी आणि कुणाच्या तरी तुटलेल्या मासेमारीच्या दोरीनं मढून आला होता आणि वासानं मागच्या डेकवरचे सगळे पळाले. यंत्र मात्र आत कोरडं ठाक. तासातासाची नोंद एकही खंड न पडता निघाली. तुम्हाला आकडे नकोत, हे माहीत आहे, तरी पावसाळ्यातला दक्षिणेकडचा प्रवाह मध्येच काही दिवस उलटा फिरलाय त्याचा आलेख छापून सोबत पाठवते आहे. तुमच्या आठवणीतल्या त्या ‘वायट आठवड्यां’शी ताडून बघा. मला त्याबद्दल खरंच विचारायचं आहे.

पुढच्या खेपेला आणखी एक मूरिंग वाढायची शक्यता आहे. म्हणजे एक नांगर जास्त आणि डेक तेवढाच. चिंचोके जपून ठेवा. गणपतीनंतर येते, नवा तक्ता घेऊन. काकूंना सांगा, जेवायलाच असेन.

तुमची,
तक्तेवाली