साताऱ्याच्या लेकीस, जाहीर आभार

चि. लेकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं नाव घालत नाही, नाहीतर आधी रागावशील आणि मग पत्र वाचशील. सांगलीत वालचंदला शिकायला असताना तुझ्या काकूंच्या खाणावळीत जेवायचीस, एवढ्यावरून ओळखणारे ओळखतील. आमच्या पतसंस्थेतल्या मशीनवरची शेवटची सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली नुकतीच उतरवली. ३० जून २०२४ नंतर तिला दुरुस्त्या मिळणार नव्हत्या, त्यामुळे एकेक शाखा करत बदलत आणली. त्या निमित्तानं २०१८ चा मे महिना पुन्हा निघाला, आणि तुझे आभार फोनवर तोंडदेखले मानले होते तेवढ्यावर भागायचं नाही असं वाटलं.

मे म्हणजे आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. यार्डात हळदीचे सौदे, तासगावला बेदाणा, आणि शेतकऱ्याचा पैसा शाखांमधून फिरत असतो. अशात १५ मे २०१८ ला लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या एंटरप्राइझ लिनक्स ६ आणि ७ मध्ये कमांड इंजेक्शनची, म्हणजे बाहेरच्याला मशीनवर आपल्या आज्ञा चालवू देणारी, गंभीर त्रुटी आहे; तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-११११. गूगलच्या फेलिक्स विल्हेल्म यांनी ती शोधली होती. सेंटओएस त्याच सोर्सवर बांधलेलं, त्यामुळे आम्हीही त्यात आलो. हल्ल्याचा नमुना एका ट्वीटमध्ये मावणारा होता आणि तो लगेच फिरायलाही लागला. संचालकांपर्यंत मात्र ‘सगळे सर्व्हर जाणार’ एवढंच पोचलं. एक म्हणाले, सर्व्हर बंदच ठेवा. आमचा सेवा पुरवठादार ‘फायरवॉल आहे, बिनधास्त राहा’ म्हणून मोकळा झाला.

मी तुला फोन केला तेव्हा तू अपडेटबद्दल बोललीच नाहीस. विचारलंस, “काका, तुमच्या मशीनना आयपी पत्ता कोण देतं?”

सगळं त्यातच होतं. मशीन सुरू झालं की नेटवर्कवर हाळी देतं, कुणी पत्ता देता का. डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो आणि सोबत आणखी चार गोष्टी कळवतो. त्या गोष्टी मशीनची नेटवर्क जोडणी सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरची एक छोटी स्क्रिप्ट उचलायची, आणि तीही रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वोच्च, अधिकारानं. उत्तर देणारा खोटा असेल तर त्यानं कळवलेल्या मजकुरातला तुकडा ती स्क्रिप्ट मशीनला दिलेली आज्ञा म्हणून चालवायची. संचालकांना तू हे स्पीकरवरून सांगितलंस ते अजून आठवतं: भरणा स्लिपच्या शेऱ्यात कुणी ‘याला दहा हजार द्या’ असं लिहावं, आणि कॅशिअरनं तो हुकूम समजून पैसे मोजावेत. त्यानंतर सभागृहात कुणी ‘व्हायरस’ म्हणालं नाही.

मला तू आणखी खोलात नेलंस. स्क्रिप्टमध्ये मजकूर आधी अवतरणचिन्हांत नीट गुंडाळलेला असायचा, पण पुढे रीड ही आज्ञा त्यातला बॅकस्लॅश गिळायची. मग अवतरण अवेळी मिटायचं, उरलेला भाग उघड्यावर यायचा आणि मजकूर आज्ञा म्हणून चालवणारी ‘इव्हॅल’ तो चालवायची. दुरुस्ती काय, तर रीडपुढे ‘-आर’ लावलं. एवढ्या अक्षराभर गोष्टीसाठी संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली!

पत्त्याच्या त्या प्रश्नानं आमचं काम निम्मं झालं. मुख्य सर्व्हरचे पत्ते आम्ही हातानं बसवलेले होते, ते या वाटेवर नव्हतेच. म्हणून सर्व्हर बंद ठेवायची टूम तिथंच मोडली आणि शेतकऱ्यांचे पैसे थांबले नाहीत. धोका होता तो डीएचसीपीकडून पत्ता घेणाऱ्या काउंटरवरच्या मशीनना. फायरवॉलचं तू एका वाक्यात निकालात काढलंस, “ती वेशीवर आहे, हा चोर वाड्यात.” मग विचारलंस, ग्राहकांच्या बाकाखाली नेटवर्कचं सॉकेट आहे का. एका शाखेत होतं. खोटा डीएचसीपी घेऊन येणाऱ्याला याहून जास्त काही लागलं नसतं, केवायसीचा फॉर्म भरत बसायचं आणि खाली वायर जोडायची. ते सॉकेट त्याच संध्याकाळी मेलं. पुढे स्विचवर खोट्या डीएचसीपीची उत्तरं अडवणारं ‘डीएचसीपी स्नूपिंग’ चालू केलं तेही तुझ्याच सांगण्यावरून.

अपडेट हे खरं तर सगळ्यात सोपं निघालं. डीएचसीपीकडून पत्ता मागणारं डीएचक्लायंट पॅकेज बदललं, रीबूटही लागला नाही. ज्या शाखेत लाइन इतकी मंद की पॅकेज उतरायला रात्र जावी, तिथं तू ती स्क्रिप्टच तात्पुरती बाजूला काढायला सांगितलीस, आणि घड्याळाच्या सर्व्हरचा पत्ता डीएचसीपीतून मिळणार नाही, तो हातानं घाला, हेही वर बजावलंस. असा उपाय सांगणारे बरेच भेटतात, त्याचं पथ्य सांगणारा क्वचित.

खरे आभार मात्र पुढच्यासाठी. आमच्या तपासनिसांनी त्या पॅकेजची आवृत्ती पाहिली आणि ४.२.५ हाच आकडा बघून ‘जुनंच आहे’ असा शेरा मारला. रेड हॅट जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती बसवतं, वरचा आकडा बदलत नाही, हे त्यांना पटेना. तू वाद घातला नाहीस. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, त्रुटीचा क्रमांक शोधून प्रत्येक मशीनचा छापील कागद फाइलला लावायला लावलास. आणि मी निश्चिंत होतोय असं दिसल्यावर २०१४ च्या शेलशॉकची गोष्ट काढलीस: लिनक्सवर आज्ञा चालवणाऱ्या बॅशमधल्या त्या त्रुटीची पहिली दुरुस्ती अपुरी पडली होती, मागोमाग आणखी काढाव्या लागल्या. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पाहा म्हणालीस. आम्ही पाहिलं. काही निघालं नाही, पण तो दुसरा कागदही फाइलला आहे.

पैशाचं नाव काढलं तर तू फोन ठेवायला निघालीस. कंदी पेढे तुझ्याच गावचे, ते काय पाठवायचे, म्हणून काकूंनी भडंग केलं आहे, तिखट जास्त घालून. येत्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेत नव्यानं लागलेला मुलगा पुण्याला येतोय, त्याच्याकडं देतो. ती फाइलही त्याच्याजवळ असेल. त्याचे प्रश्न बरेच आहेत, त्याला अर्धा तास दे.

तुझा,
काका
विश्रामबाग, सांगली